खाचराचा कागद

१२ ऑगस्ट, सोमवार

बाहेर चव्वेचाळीस डिग्री. निमिष म्हणतो, अमेरिकेतल्या या चँडलरमध्ये ऑगस्टात माणसांनी सकाळी सहा ते सात एवढंच बाहेर पडायचं, बाकी वेळ सरड्यांची. तीन महिने झाले, मी लेकाच्या घरात एसी लावून बसलेय आणि लोणच्यासारखी मुरतेय.

संध्याकाळी पाचला येनीच्या गावचा व्हिडिओ कॉल आला. येनी माझी सून. सुमात्रा बेटावरच्या कोतो सिरांती नावाच्या खेड्यातली. डोंगरउतारावर भाताची खाचरं, वरच्या अंगाला दालचिनीची झाडं, साठ-सत्तर घरं. नकाशात निमिषलाही ते गाव चटकन सापडत नाही. लग्नाच्या वेळी देश, धर्म, भाषा सगळंच एकदम परकं म्हणून मी आठ महिने निमिषशी बोलले नव्हते. आता सतरा वर्षं झाली, आणि खरं सांगायचं तर लेकापेक्षा सुनेशीच माझं जास्त जमतं.

आपले संध्याकाळचे पाच म्हणजे तिथले दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सात. फोनवर एल्मी होती. ती येनीच्या मावशीची मुलगी, पण तिकडे मावसबहीण वगैरे भानगड नाही, बहीणच. येनीपेक्षा मोठी, म्हणून येनी तिला उनी म्हणते, म्हणजे ताई. एल्मी खाचरात कापणी करत होती. पिवळंधमक भात, मागे डोंगर. दृष्ट लागेल असं. मी सहज विचारलं, “हे कुणाचं गं?”

येनी म्हणाली, “आई, माझं. म्हणजे आमचं. यंदा माझा टर्न.”

तिचा टर्न आहे तर कापणी एल्मी का करतेय, हे उद्या विचारते.

१३ ऑगस्ट, मंगळवार

विचारलं. ऐकून माझी झोप उडायची वेळ आली.

त्यांच्यात जमीन आईकडून मुलीकडे जाते. मुलग्यांकडे नाही. हे ऐकून मी आधी टाळ्याच वाजवल्या. तर हे खाचर येनीच्या आईचं, जिला सगळे अमाक म्हणतात, आणि एल्मीच्या आईचं, दोघी बहिणींचं. तुकडे करायचे नाहीत. एक वर्ष या घरानं पिकवायचं, एक वर्ष त्या घरानं. एल्मीची आई वारली, येनी अमेरिकेत आली. येनीच्या वर्षीही एल्मीच पिकवते. अमाकच्या घरात राहते, तिचं सगळं करते, भात अमाकच्या कोठारात टाकते.

“किती वर्षं?”

“नाइन. टेन असतील.”

“आणि कागद?”

“कागद नाही, आई. सगळ्यांना माहिती आहे ना.”

सगळ्यांना माहिती आहे! तेहतीस वर्षं मी तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून काढली. ‘सगळ्यांना माहिती आहे’ म्हणणारी किती माणसं माझ्या टेबलासमोर रडली, त्याची गणती नाही. दहा वर्षं दुसरा माणूस जमीन कसतोय आणि मालकीण सातासमुद्रापार. आपल्याकडे असतं तर केव्हाच कसणाऱ्याचं नाव लागून कूळ उभं राहिलं असतं. येनी हसली. भोळी आहे पोर.

१९ ऑगस्ट, सोमवार

आज कळलं, शेजारच्या गावात सरकारी मोजणीवाले आलेत. जमिनी नोंदवताहेत, पुढे कोतो सिरांतीतही येणार. येनीनं हे बातमी सांगावी तसं सांगितलं आणि भांडी लावायला लागली. मी तिला बसवलं. म्हटलं, मोजणीवाला बांधावर येतो तेव्हा एकच विचारतो, कसतं कोण? एल्मी म्हणेल, मी. संपलं.

येनी म्हणाली, “उनी असं नाही करणार.”

मी म्हटलं, कुणीच करणार नसतं, करेपर्यंत.

निमिष लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, “आई, तू रिटायर झालीस ना?” त्याला सांगून उपयोग नाही. मुलगा आहे. त्याला सगळं आपोआप मिळालं.

माझी गोष्ट वेगळी. बाबा गेल्यावर दादानं जेवायला बोलावलं, पुरणपोळी केली होती, आणि जेवणानंतर हक्कसोडपत्र पुढे ठेवलं. विहिरीची तीन एकर. मी सही खुशीनं केली. कचेरीत रोज तसली पत्रं बघत होते, मला काय त्याचं. दादाशी माझे संबंध उत्तम आहेत. पण येनीनं का सोडावं? तिच्यामागे रुचा आहे. खाचर उद्या रुचाचं होणार. पंधरा वर्षांची माझी नात आईच्या नावानं जमिनीची मालकीण होईल, याचा मला किती आनंद झालाय ते मला लिहिता येत नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

मसुदा तयार. सोपा ठेवला: ‘मी एल्मी, अमुक खाचर माझी बहीण येनी हिच्या वतीने कसते. कसण्यावरून माझा कोणताही हक्क उत्पन्न होत नाही.’ खाली सही, अंगठा, दोन साक्षीदार. रुचानं त्यांच्या भाषेत केलं. करता करता थांबली.

“आजी, धिस साउंड्स सो मीन.”

“कायद्याची भाषा अशीच असते.”

“बट शी इज उनी. शी ब्रेड्स माय हेअर व्हेन वी गो देअर.”

“वेणी घालते म्हणून जमीन देतात का?”

साक्षीदारांवर येनी अडली. म्हणाली, दोन माणसं कशाला, उनीची सही पुरे ना. मी म्हटलं, साक्षीदाराशिवाय कागद म्हणजे किराण्याची यादी. शेवटी म्हणाली, “आई, तुला यातलं कळतं. मला नाही.” आणि पाठवून दिलं. पाठवल्यावर बराच वेळ फोन हातात धरून बसली होती. मी तिला चहा करून दिला.

४ सप्टेंबर, बुधवार

काम फत्ते! कागद सह्या होऊन आला. एल्मीची सही, अंगठा, शिक्का, दोन साक्षीदार. एक येनीचा मामा, ज्याला ते मामाक म्हणतात आणि जो त्या कुळाचा प्रमुख आहे, दुसरी शेजारीण. एक शब्दाचा वाद नाही. मी निमिषला म्हटलं, बघ, गोडीत झालं. सगळं वेळेवर केलं की असं होतं.

येनीला म्हटलं, एल्मीला फोन कर, आभार मान. तिनं केला. उचलला नाही. कामात असेल.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आठ दिवस एल्मी फोन उचलत नाही. आज शेजारणीनं, त्याच साक्षीदार बाईनं, फोन केला. येनी बोलता बोलता किचनच्या फरशीवर बसली.

झालं असं. गावात प्रिंटर नाही. एल्मी बाजारच्या गावात दुकानात कागद छापायला गेली. दुकानदारानं वाचला. दुपारपर्यंत अख्ख्या उतारावर बातमी. मग साक्षीदार हवेत म्हणून ती स्वतः मामाकच्या दारात गेली, शेजारणीच्या दारात गेली. सही केली, फोटो पाठवला, अमाकला जेवू घातलं, कोठाराची किल्ली भिंतीवर टांगली आणि नवऱ्याच्या बाजारातल्या खोलीवर निघून गेली.

येनी रडत म्हणाली, “शी वेंट टू हर हजबंड्स प्लेस, आई!”

मी म्हटलं, अगं, नवऱ्याकडेच गेली ना? त्यात एवढं काय? जगातल्या सगळ्या बायका जातात.

येनी उठून खोलीत निघून गेली. नंतर रुचानं सांगितलं. तिकडे बाई आईच्या घरात राहते, नवरा तिच्याकडे येतो. बाईनं आईचं घर सोडून नवऱ्याच्या खोलीवर जाणं म्हणजे तिला तिच्या घरातून काढून टाकलं, असाच अर्थ. आपण काढून टाकलं. मी काढून टाकलं.

पण कागदात तसं कुठे लिहिलं होतं?

१५ सप्टेंबर, रविवार

येनी आज ओरडली. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

मी एवढंच म्हटलं होतं की एल्मीला राग आला म्हणजे तिच्या मनात काहीतरी होतं. येनीनं कणीक तशीच टाकली. “व्हॉट वॉज इन हर माइंड? मी गावाबाहेर गेले, तिनं माझ्या आईला आंघोळ घातली. दहा वर्षं. मी व्हिडिओवर हाय अमाक, बाय अमाक. आणि मी तिला पेपर पाठवला. विथ विटनेस! आई, तू मला माझ्या घरातून तोडलंस.”

निमिष मध्ये पडला, “येनी, शी मेन्ट वेल.”

“आय नो. म्हणूनच तर.”

मला वाईट वाटलं. राग पण आला. मी हिचं राखायला गेले. माझ्या वेळी कुणी माझं राखायला आलं नाही, आईसुद्धा. आई तेव्हा स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. तिला मागचं आवरायचं होतं म्हणा.

पोळ्या मी केल्या. कुणी जेवलं नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

शेजारणीनं फोटो पाठवला. अख्ख्या उतारावर नवी रोपं लागलीयत, हिरवंगार. मधोमध एकच खाचर उघडं, काळं पाणी साचलेलं. आमचं. मामाकनं सांगितलंय, बहिणींचा निकाल लागेपर्यंत या खाचरात कुणी पाय ठेवायचा नाही. येणारे-जाणारे सगळे बघतात.

अमाक शेजारणीच्या हातचं खात नाही. म्हणते, माझ्या मुली आहेत. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई स्वतः चूल पेटवते.

येनीला आता घरातलं कुणी फोन करत नाही. आधी रोज संध्याकाळी पाचला भाच्या, मावश्या, कोण कोण असायच्या. पाच वाजले की ती फोन काउंटरवर ठेवते आणि भाजी चिरत बसते. येनीचं माहेर तुटलं तर ते माझ्या हातानं तुटलं. हे मी कबूल करते. निदान इथे तरी.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज मी रुचाला बाजूला घेतलं आणि म्हटलं, मला एल्मीशी बोलायचंय. मी सांगेन तसं तिला सांग, आणि ती म्हणेल ते मला सांग. गोड करून सांगायचं नाही.

“मॉमला माहितीये?”

“नाही.”

रुचाच्या नंबरवरून फोन केल्यावर एल्मीनं उचलला. बाजारातली छोटी खोली, मागे कपड्यांची दोरी. एल्मी वाळली होती. नमस्कार नाही, काही नाही. मी म्हटलं, कागद माझा होता. येनीचा नव्हता.

एल्मीनं विचारलं, साक्षीदार कुणी सांगितले?

“मीच. आमच्या कचेरीत तसंच असतं.”

ती म्हणाली, सही मी शंभर वेळा केली असती. पण मला दोन दारांत उभं राहून सांगावं लागलं, मी या घरची नाही, एवढं बघून घ्या आणि सही करा.

मी म्हटलं, चुकले. दुसरं काय म्हणणार?

एल्मीनं दोरीवरचा एक कपडा काढून घडी घातली. मग विचारलं, तुमच्याकडे बहिणी एकमेकींकडून असे कागद घेतात?

“बहिणी नाही. भाऊ घेतो.”

“तुम्ही दिला?”

“दिला.”

“का?”

मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं. रुचा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, नाही म्हटलं असतं तर त्या घरात परत जाता आलं नसतं.

रुचानं हे सांगितलं. एल्मीनं मान हलवली, जणू हे तिला कळलं. मग म्हणाली, मग तुम्ही भावाकडे गेलात की कुठे झोपता?

काय प्रश्न आहे हा? म्हटलं, भावाच्या घरी, आणखी कुठे? अकरा-बारा वर्षांत मुक्काम झालेला नाही, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येते, पण ते माझ्या पुण्याच्या घरापासून जवळ पडतं म्हणून.

शेवटी एल्मी म्हणाली, येनीला सांगा, फोनवर काही होणार नाही. इथे ये आणि खाचरात उभी राहा, सगळ्यांना दिसेल अशी. तोपर्यंत मी माझ्या खोलीत आहे.

२८ सप्टेंबर, शनिवार

येनी आणि रुचा गेल्या. रुचाच्या शाळेला दोन आठवडे सुट्टी आहे, तेवढं बरं जमलं. येनीनं ऑफिसात भांडून रजा घेतली. निघताना तिनं मला मिठी मारली, पण घाईत, सामान हातात असताना मारतात तशी. मी म्हटलं, चिखलात जुने कपडे घाल. ती हो म्हणाली.

घरात मी आणि निमिष. तो सकाळी जातो, रात्री येतो, डबा खातो. आज चालता चालता थांबून म्हणाला, “उनी ऐकेल ना गं?” मी म्हटलं, मला काय विचारतोस.

१ ऑक्टोबर, मंगळवार

पोहोचल्या. एल्मी अजून खोलीवरच आहे. उद्या सकाळी खाचर.

देवापुढे दिवा लावला. येनीच्या देवाचं कसं करायचं ते मला माहीत नाही, त्याच दिव्यात त्यालाही सांगितलं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

रुचाचा फोन. इतक्या भरभर बोलत होती की मला दोनदा सगळं ऐकावं लागलं.

येनी सकाळपासून खाचरात गुडघाभर चिखलात एकटी उभी. बांधावर अख्खं गाव. दहाच्या सुमाराला एल्मी आली. बांधावर उभी राहून जी सुरू झाली!

“आजी, शी येल्ड अ‍ॅट मॉम फॉर लाइक अ‍ॅन आवर. एव्हरीथिंग. फ्रॉम व्हेन दे वर किड्स! आणि अमाक ना, शी वॉज सिटिंग देअर आणि उनी काही विसरली की अमाक आठवण करून देत होती.”

“आणि येनी?”

“क्राइंग. मग उनी पण. मग उनी खाली उतरली आणि मॉमच्या हातात रोपं दिली. मॉमनं लावली तर उनी म्हणाली, तुझी रांग वाकडी आहे. अमेरिकेत हेच शिकलीस का. आजी, एव्हरीबडी लाफ्ड.”

शेजारणींनी उरलेली रोपं आणून दिली. संध्याकाळपर्यंत खाचर लागलं. एल्मी अमाककडे परत आली. रात्री भिंतीवरची किल्ली काढली आणि काही न बोलता कमरेला खोचली.

मी विचारलं, “आणि तो कागद?”

“उनीनं चुलीत टाकला.”

“झेरॉक्स काढून ठेवली होती ना?”

“आजी!”

बरं, बरं. सवय आहे, तोंडातून निघून गेलं. पण हसले मी. किती दिवसांनी हसले.

९ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी दादाला फोन केला. म्हटलं, दिवाळीला भारतात येतेय, यंदा भाऊबीज तुझ्याकडे करू. चार दिवस राहीन म्हणते.

दादाला फार आनंद झाला. “अगं, ये की शोभे! किती वर्षांनी!” वहिनीलाही हाक मारून सांगितलं. मग म्हणाला, “स्टँडजवळ नवीन लॉज झालंय, एकदम झकास. एसी आहे, गरम पाणी आहे, लिफ्ट आहे. तुझ्यासाठी बुक करून ठेवतो. घरी नातवंडांचा गोंधळ, तुला झोप लागायची नाही.”

मी म्हटलं, मला गोंधळ चालतो.

“छे छे, तुला कशाला त्रास? आता तू अमेरिकेची. आणि बिल मी देणार हां, वाद घालायचा नाही. नाश्ता साधा सांगू की इडली-बिडली?”

मी म्हटलं, काहीही चालेल. किती दिवस सांगू, त्यानं विचारलं. मी म्हटलं, एकच रात्र सांग.

दादा माझ्याशी नेहमी असाच गोड बोलतो. त्या सहीनंतरच्या पंचवीस वर्षांत एकदाही माझ्यावर आवाज चढवलेला नाही, की मी त्याच्यावर. फोन ठेवल्यावर मी त्या खुर्चीतच बसून राहिले आणि मोठ्यानं रडले. घरात कुणी नव्हतं.